तार काढली, गाडी रंगवली

दरवर्षी 1 जूनला पुणे स्टेशनच्या फलाटावर केक कापला जातो. डेक्कन क्वीनचा वाढदिवस. हार, फुगे, बँड, पासधारकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या आठवणी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. 1930 साली सुरू झालेल्या गाडीवर एखाद्या शहरानं इतकं प्रेम करावं, ही साधी गोष्ट नाही. मात्र केक कापताना मागे उभी असते ती जून 2022 मध्ये आलेली एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीच्या नव्या डब्यांची गाडी. त्याआधी पेरांबूरच्या कारखान्यातले डबे होते. तेही पहिले आले ते 1966 मध्ये. मूळची गाडी म्हणजे सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचे संच. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या; दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. खालची चौकट इंग्लंडहून आलेली आणि वरचं शरीर माटुंगा वर्कशॉपात घडवलेलं. त्यातला एखादा डबा आपल्या नातवाला दाखवावा असं एखाद्या पुणेकराच्या मनात आलं, तर त्यानं जायचं कुठे? आपण नाव जपलं, वेळ जपली, डायनिंग कारसाठी भांडून तीही जपली. वस्तू मात्र जपली नाही.

रेल्वेचा वारसा जपलाच जात नाही, असं मी म्हणत नाही. सीएसएमटीला हेरिटेज गल्ली आहे, दिल्लीला राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. माझी तक्रार जपण्याच्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्यातही विजेच्या गाड्यांबद्दल. जुन्या विजेच्या गाडीचं जतन म्हणजे तिला रंग देऊन चौथऱ्यावर चढवणं, असं आपण ठरवून टाकलं आहे. हे जतन नव्हे. काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइल पेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणावं, त्यातलाच हा प्रकार. निदान एक जुनी विजेची गाडी चालती करायला हवी, तिच्याच जातीच्या विजेवर. आणि ती पुणे विभागात व्हायला हवी.

हे पुण्यातच का, ते आधी सांगतो. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली, 1500 व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवर. पण मुंबईतली लोकल सपाटीवर धावणार होती. विजेची खरी परीक्षा घाटात होती. बोरघाट 1863 मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथला चढ 37 फुटांना एक फूट असा. गाडी निम्म्यात थांबवायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा, असलं एक रिव्हर्सिंग स्टेशनही खंडाळ्याजवळ होतं. विद्युतीकरणाच्या वेळी नवे बोगदे खोदून 1929 मध्ये ते मोडीत काढलं. विजेमुळे इंजिन तर बदललंच, डोंगरातला रस्तासुद्धा बदलला. डेक्कन क्वीन शक्य झाली ती या सगळ्यामुळे. रेसला येणाऱ्या साहेब लोकांची हौस हे कारण सगळ्यांना सांगता येतं. तार आणि बोगदे हे त्यामागचं कारण फारसं कुणी सांगत नाही.

घाटात मालगाड्या ओढणारं इंजिन म्हणजे रेल्वेवाल्यांचा ‘खेकडा’. अधिकृत नाव आधी ईएफ-वन, नंतर डब्ल्यूसीजी-वन. एकूण 41 आले. आराखडा स्वित्झर्लंडच्या विंटरथुरचा, विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची; काही इंजिनं तिथेच बनली, बाकीची इंग्लंडमध्ये व्हल्कन फाउंड्रीत. जवळून पाहिलंत तर हे विजेचं इंजिन आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. चाकांना बाहेरून लोखंडी दांडे जोडलेले, वाफेच्या इंजिनासारखे. मोटर वर, तिथून दातेरी चाकं, तिथून मधला दांडा आणि मग कनेक्टिंग रॉडनं सगळी चाकं एकत्र फिरणार. मधलं धड आणि पुढेमागे दोन सोंडा, असा तीन तुकड्यांचा देह; वळणावर तो मधे मोडतो. उभा असताना तो कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि चालताना दांड्यांचा सपसप आवाज यायचा, हे ज्यांनी ऐकलं ते आजही सांगतात.

त्याची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घाट उतरताना या इंजिनाच्या मोटरी जनित्र बनायच्या आणि वीज परत तारेत सोडायच्या. म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावणार. आज मेट्रोच्या जाहिरातीत ब्रेकमधून वीजनिर्मिती ही आधुनिक हरित करामत म्हणून मिरवली जाते. ती बोरघाटात शंभर वर्षांपूर्वीच्या पिढीतल्या यंत्रांनी केली होती, आणि लोणावळ्याच्या शाळेतल्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

आता चौथऱ्याकडे वळू. एका रेल्वे वसाहतीच्या दारात मांडलेलं असं एक इंजिन मी मध्यंतरी सावकाश पाहिलं. कुठलं ते सांगत नाही, कारण बाकी ठिकाणची तऱ्हा काही फार वेगळी नाही. रंग ताजा होता. इतका ताजा की कारखान्याच्या पितळी पाटीवरची अक्षरंसुद्धा रंगात बुडाली होती. ग्रीस भरायच्या निपलवर रंग, स्प्रिंगच्या पानांच्या फटीत रंग, जिथे धातूवर धातू सरकायला हवा तिथेही रंग. छतावरचा पँटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा, तारेनं बांधून ठेवलेला, आणि त्याच्या बुडाशी झाकण नसल्यामुळे पावसाचं पाणी थेट आत. आत म्हणजे मोटरी, वीज अडवणाऱ्या रेझिस्टन्सच्या जाळ्या, काँटॅक्टर नावाचे विजेचे मोठे स्विच. तांब्याच्या तारेभोवतीचं अभ्रक, कापड आणि लाख ओल धरतं. दोन-चार पावसाळ्यांत मोटरचं आतडं सडतं आणि बाहेरून इंजिन दिवाळीसारखं झळकत राहतं. शेजारी ‘सेल्फी पॉइंट’ची पाटी होती. ती व्यवस्थित होती.

वाफेच्या इंजिनाचं तसं बरं असतं. ते आपला विस्तव आपल्याबरोबर नेतं. कोळसा घाला, पाणी घाला, रूळ असेल तिथे ते धावेल. 1855 ची फेअरी क्वीन 1997 मध्ये पुन्हा धावू लागली, त्यासाठी राजस्थानात कुणाला नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. विजेचं इंजिन तारेशिवाय म्हणजे नुसतं लोखंड. आणि आपण तारच बदलली. मध्य रेल्वेनं टप्प्याटप्प्यानं 1500 व्होल्ट डीसी काढून 25,000 व्होल्ट एसी, म्हणजे दिशा पालटत वाहणारी वीज, आणली. घाट आधी झाला, मुंबईची मुख्य मार्गिका जून 2015 मध्ये, आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. निर्णय योग्यच होता. जादा गाड्या, कमी वीज उपकेंद्रं, कमी गळती. त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवला नाही: त्या रात्रीनंतर 1925 पासूनचं एकही डीसी यंत्र देशाच्या रेल्वेजाळ्यावर स्वतःच्या ताकदीनं हलू शकत नाही. कितीही पैसे ओतून दुरुस्त करा, त्याला खायला घालणारी तारच उरलेली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये खेकड्याचा भाऊबंद, तिथला ‘मगर’, आजही अधूनमधून धावतो. स्विस माणूस आपल्यापेक्षा जास्त भावुक असतो असं काही नाही. गॉटहार्डच्या घाटात 1920 मध्ये जी वीज घातली, तीच 15,000 व्होल्टची पद्धत तिथे आजही आहे, एवढंच. त्यांची तार टिकली म्हणून त्यांचं इंजिन टिकलं.

इंग्लंडात दोन वेगळ्या वाटा दिसतात. ब्रायटन बेल ही डेक्कन क्वीनची जवळपास समवयस्क. 1 जानेवारी 1933 पासून लंडन–ब्रायटन धावणारी, सगळीच्या सगळी विजेची पुलमन, म्हणजे आलिशान डब्यांची गाडी. 1972 मध्ये बंद झाली आणि डबे विखुरले. कुठे हॉटेलच्या अंगणात, कुठे पबच्या दारात. पुढे एका न्यासानं ते शोधून गोळा केले आणि गाडी पुन्हा उभी करायला घेतली. दुसरी गोष्ट मला जास्त शिकवून जाते. नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं 1903 मध्ये यॉर्कच्या कारखान्यात एक स्वयंचलित डबा बांधला. आत पेट्रोलचं इंजिन, त्यावर जनित्र, आणि ती वीज चाकांवरच्या मोटरींना. तारही नको, कोळसाही नको. पुढच्या सगळ्या डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांचा हा पूर्वज. 1931 मध्ये तो काढून टाकला, आणि त्याचं वरचं शरीर कुणीतरी सुट्टीतलं घर म्हणून विकत घेतलं. यॉर्कशरच्या गावाकडे ते तसंच कित्येक दशकं उभं राहिलं. 2003 मध्ये एका जाणकारानं ते उचललं, न्यास उभा राहिला, वारसा-निधीतून पैसा मिळाला, आणि 2018 मध्ये ते पुन्हा प्रवासी घेऊन धावू लागलं.

पण धावू लागलं ते कसं? शरीर मूळचं. खालची चौकट दुसऱ्याच एका जुन्या वाघिणीची. इंजिन आजचं डिझेल. मग हा 1903 चा डबा म्हणायचा की 2018 चा?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. चालतं करण्याच्या विरोधात सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. प्रत्येक बदललेला भाग म्हणजे एक पुरावा पुसला गेला. मूळच्या सागवानी फळीवर सुताराच्या पटाशीची खूण असते. नवी फळी घातली की ती गेली. राजा केळकर संग्रहालयात शेकड्यांनी अडकित्ते आहेत, म्हणून कुणी त्यांत सुपारी कातरून बघत नाही. वस्तू जशी आहे तशी राखणं, तिच्यावरचा काळ तसाच राहू देणं, हीसुद्धा जतनाची एक शिस्त आहे आणि मला ती मान्य आहे. एखाद्या जातीचं एकच इंजिन उरलं असेल, मूळच्या मोटरी, मूळचा रंग शाबूत असेल, तर त्याला हात लावू नये. छप्पर घालावं, ओल आवरावी आणि गप्प बसावं.

गंमत अशी की आपण ही शिस्तही पाळत नाही. वस्तू आहे तशी ठेवतही नाही आणि चालवतही नाही. पुरावा रंगानं बुजवतो आणि यंत्र पावसात सोडतो. त्याहून वर म्हणजे, 2023 मध्ये गुजरातेत अहमदाबाद–एकतानगर मार्गावर एक हेरिटेज गाडी सुरू झाली. तिचं इंजिन दिसतं वाफेचं, चालतं विजेवर. खरं जुनं विजेचं इंजिन चौथऱ्यावर मरून पडलं आहे आणि नवं विजेचं इंजिन वाफेचा मुखवटा घालून वारसा म्हणून धावतं आहे. विजेलाही इतिहास असतो, हे आपल्याला अजून पटलेलंच नाही. धूर म्हणजे जुनं, तार म्हणजे नवं, एवढंच आपल्या डोक्यात पक्कं आहे.

चालतं ठेवण्यानं नेमकं काय वाचतं? माझ्या मते, हाताचं कसब. डीसी गाडी चालवणं हे बटण दाबण्याचं काम नव्हतं. मोटरमन हँडल एकेक नॉच, म्हणजे एकेक खाच, पुढे सरकवतो. सुरुवातीला सगळ्या मोटरी एकामागे एक जोडलेल्या, मधे रेझिस्टन्स, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला थोडाच दाब. गाडी हलली की एकेक रेझिस्टन्स बाहेर. मग मोटरींची जोडणी बदलते, पुन्हा रेझिस्टन्स आत, पुन्हा एकेक बाहेर. नजर ॲमीटरच्या सुईवर. घाईनं नॉच घेतला तर चाक घसरणार किंवा ब्रेकर उडणार. मधल्या नॉचवर रेंगाळलात तर रेझिस्टन्सच्या जाळ्या लालबुंद होऊन जळणार. पावसात, भरल्या मालगाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन, लावून, कर्जतहून लोणावळ्याला चढताना ही सुई सांभाळणं म्हणजे काय, हे आजच्या संगणकावर चालणाऱ्या इंजिनात बसून कळत नाही.

शेडमधली विद्या तर आणखी लवकर जाईल. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, नव्यानं गुंडाळायचं, त्याला वीज पोचवणाऱ्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधलं अभ्रक नेमकं किती खरवडायचं, कार्बन ब्रशचा दाब बोटानं कसा जोखायचा, काँटॅक्टरचं तोंड जळलं की कानसीनं किती मारायचं आणि कधी सरळ बदलायचं. यातलं थोडं मॅन्युअलमध्ये आहे. बरंचसं कल्याणच्या शेडमध्ये आणि कुर्ल्याच्या कारशेडमध्ये घाम गाळलेल्या माणसांच्या हातात आहे. ती माणसं निवृत्त झाली किंवा व्हायला आली. लोखंड गंजायला शंभर वर्षं लागतील. हे कसब तेवढा वेळ थांबणार नाही. चौथऱ्यावरच्या गाडीला फिटर लागत नाही, पेंटर पुरतो. चालत्या गाडीला फिटर लागतो, त्याला हाताखाली पोरगा लागतो, आणि अशानंच विद्या पुढे जाते.

मग तारेचं काय? हा अडथळा वाटतो तितका मोठा नाही. इंग्लंडमध्ये क्रिच गावी चुनखडीच्या जुन्या खाणीत ट्राम संग्रहालय आहे. तिथे 1964 पासून जुन्या ट्राम 600 व्होल्ट डीसीच्या स्वतःच्या तारेखाली धावतात. मुख्य मार्गाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. आपल्यालाही बोरघाट परत मागायचा नाही. लोणावळ्याची किंवा घोरपडीची एखादी पडीक सायडिंग, काही शे मीटर रूळ, वर तार, आणि कडेला ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरची खोली. पूर्ण 1500 व्होल्ट द्यायचीही गरज नाही. डीसी सिरीज मोटरला निम्मा दाब दिला तर ती साधारण निम्म्या वेगानं फिरते. संग्रहालयाच्या आवारात तेवढा वेग पुष्कळ झाला. व्हॅक्युमचे एक्झॉस्टर, म्हणजे ब्रेकसाठी हवा ओढून घेणारे पंप, वगैरे साहाय्यक यंत्रांची वेगळी सोय करावी लागेल, पण ती करता येते. आणि निम्मा दाब म्हणजे 750 व्होल्ट. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोसाठी तिसऱ्या रुळातून जी वीज योजली आहे ती नेमकी 750 व्होल्ट डीसीच. म्हणजे त्या जातीची उपकरणं, ती दुरुस्त करणारे हात आणि सुरक्षिततेचे नियम हे सगळं याच शहरात आलं आहे. घाटातून डीसी गेली आणि हिंजवडीच्या वाटेनं परत आली.

गाडी निवडताना मी खेकड्याचा हट्ट धरणार नाही. उरलेले खेकडे मोजके. ते कोरडे ठेवावेत. चालतं करण्यासाठी डीसी लोकलचा मोटर डबा जास्त योग्य. त्याचे सुटे भाग मिळायची शक्यता अधिक, आणि त्याच्याशी नातं असणारी माणसं तर लाखो. पुणे–लोणावळा लोकल 1978 पासून धावते आहे. मळवली, कामशेत, वडगावच्या कित्येक घरांतली कॉलेजं आणि नोकऱ्या त्या पिवळ्या-तपकिरी डब्यांच्या दारात उभं राहून झाल्या. डेक्कन क्वीनची डायनिंग कार आणि चीज टोस्ट यांवर इतकं लिहिलं गेलं आहे की लोकलचा खिडकीचा गज अगदीच अबोल राहिला. मला स्वतःला एखाद्या राणीपेक्षा हा डबा वाचलेला जास्त आवडेल.

आता नेहमीचा आक्षेप. लोकलला गर्दी मावत नाही, पुणे–लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची वाट पाहून प्रवासी थकले, आणि तुम्हाला जुने डबे चालवायचे आहेत? आक्षेप रास्त आहे. मार्गिका आणि डबा यांत निवड करायची वेळ आली तर मार्गिका निवडावी, यात दुमत नाही. पण तशी निवड कुणी करतच नाही. पैसा खर्च होतोच आहे; तो रंगावर, कारंज्यावर, दिव्यांच्या माळांवर होतो आहे. जुन्या डब्यांची हॉटेलं निघाली, सीएसएमटीला 2021 मध्ये एक सुरू झालं. डबा भंगारात जाण्यापेक्षा त्यात कुणी थालीपीठ खाल्लं तर माझी हरकत नाही. पण आतली बाकं, झडपा, मोटरी काढून गारेगार केलेल्या डब्याला वारसा म्हणू नका. ते हॉटेल आहे, आणि हॉटेल म्हणून ते चांगलं असू शकतं.

खरी अडचण पैशाची कमी आणि दाराची जास्त आहे. रेल्वेच्या आवारात बाहेरच्या माणसाला पाऊल टाकता येत नाही, आणि आतल्या माणसाची तीन-चार वर्षांत बदली होते. ज्या अधिकाऱ्याला आस्था असते तो एखादं इंजिन वाचवतो. तो गेला की इंजिन पुन्हा पावसात. इंग्लंडात हे काम न्यास आणि स्वयंसेवक करतात. आपल्याकडे रेल्वेनं गाडी आणि जागा दीर्घ कराराने न्यासाला द्यावी, सुरक्षिततेची तपासणी आपल्याकडे ठेवावी आणि रोजच्या कामातून अंग काढून घ्यावं. पुण्यात सीओईपी आहे, आयटीआय आहेत, निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहती आहेत. आणि कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. एका माणसाच्या छंदातून उभं राहून 1998 मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे पोरं काचेशी नाक लावून बघत राहतात, कारण तिथल्या गाड्या चालतात. एका कुटुंबाला जे छोट्या मापात जमलं, ते एवढ्या मोठ्या खात्याला मोठ्या मापात जमू नये?

एक गोष्ट मात्र मी अशा न्यासाच्या घटनेतच लिहून ठेवीन. गाडीशेजारी वीज कुठून आली त्याची पाटी हवी. पुण्याकडच्या मार्गाची वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा वीजघरातून यायची, कोळसा जाळून. पण मुंबईच्या गिरण्यांना, ट्रामना आणि लोकलना जी टाटांची जलविद्युत मिळाली, तिच्यासाठी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवलं गेलं: वळवण, शिरवटा आणि मुळशी. पूर्वेकडे वाहणारं मुळेचं पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला कोकणात सोडलं गेलं. त्यासाठी मुळशी पेट्यातली गावं बुडाली. 1921 मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. हे पुणे जिल्ह्यातच घडलं. लोकलचा दिवा पेटला तो कुणाच्या शेतावर पाणी चढल्यावर, हे सांगितल्याशिवाय विजेच्या गाडीचा इतिहास पुरा होत नाही. चकचकीत पितळ दाखवायचं आणि मुळशी वगळायची, तर त्यापेक्षा चौथरा परवडला.

मंजुरी, करार, जागा या गोष्टींना वर्षं लागतील, हे मला ठाऊक आहे. पण निवृत्त फिटर आणि मोटरमन यांच्यासमोर मोबाइल ठेवून त्यांच्याकडून सगळं रेकॉर्ड करून घ्यायला रेल्वे बोर्डाची परवानगी लागत नाही. नॉच कसा घ्यायचा, ब्रश कसा बसवायचा, घाटात सुई कुठे ठेवायची, हे त्यांनी हातवारे करून दाखवायचं आणि कुणीतरी तारीख, शेड, इंजिनाचा नंबर घालून जपून ठेवायचं. पुढच्या 1 जूनला पुणे स्टेशनवर केक कापणाऱ्या मंडळींमध्येच अशी माणसं उभी असतील. त्यांना केकचा तुकडा देताना पत्ता विचारून घ्यावा.